ओपिनेल नंबर ८ : पावसाळ्यात फुगतो, तरी खिशातून सुटत नाही

मोसंबीची_बाग (अंबड, जि. जालना)

राम राम मंडळी.

आज सकाळी पुन्हा तेच झालं. ठिबकच्या नळीला बांधलेली सुतळी कापायची होती. खिशातून चाकू काढला आणि पातं काही निघेना. ओढता ओढता अंगठ्याचं नख मोडलं. आर्द्रा लागल्यापासून मूठ फुगलीय.

चाकू म्हणजे ओपिनेल, नंबर ८, लोखंडी पात्याचा. माझा भाचा फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकायला होता. २०१४ च्या दिवाळीत येताना त्यानं आणला. म्हणला, "मामा, तिकडचे शेतकरी हाच खिशात ठेवतात." मला आधी तो लेकरांचं खेळणं वाटला. ८.५ सेंटिमीटरचं पातं, गोल लाकडी मूठ आणि गळ्यात एक पत्र्याचं कडं. बास. स्प्रिंग नाही, बटण नाही. मोजून पाच भाग : पातं, मूठ, खिळा, आतली बसकी पट्टी आणि वरचं फिरतं कडं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं की ते जागेवर पक्कं.

तेव्हापासून तो रोज माझ्या उजव्या खिशात आहे. गोणीची शिवण, पेंडीची सुतळी, मोसंबी, दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा, सगळं त्यानंच. मोसंबीच्या रसानं पातं आधी निळसर पडलं, मग राखाडी, आता जुन्या रुपयासारखं काळपट झालंय. मला तो रंग फार आवडतो. दहा वर्षांची बाग त्याच्यावर दिसते.

दोन गोष्टी विचारायच्यात. पावसाळ्यात मूठ फुगते त्याला तुम्ही काय करता? आणि आपल्याकडं असा घडीचा, साधा, एकाच घराण्यानं पिढ्यान् पिढ्या केलेला चाकू कुणी बनवायचं का?

सिंधफणा

भाऊ, नख लावूच नका. कडं मोकळं करा, म्हणजे त्याची फट पात्यासमोर येईल असं फिरवा. मग बंद चाकू मुठीत धरून मुठीच्या मागच्या टोकाची पाठ लाकडावर एकदा ठोका. ठक् आवाज होतो आणि झटक्यानं पातं बोटभर वर येतं. हा उपाय मूळचा तिकडचाच आहे. फ्रान्समधल्या सावोआ प्रांतातले लोक असंच करतात आणि त्याला नावही तसंच पडलंय, "सावोआवाल्याचा ठोका". म्हणजे मूठ फुगते ही तुमच्या चाकूची खोड नाही, त्या चाकूची जातच तशी. लाकूड आहे, पाणी पिणारच.

हुरडा_स्पेशल

फोटो टाका की भाऊ. आन् हुरड्याला उपयोगी हाय का ते सांगा.

मोसंबीची_बाग

सिंधफणा, आत्ताच ओट्यावर ठोकून बघितला. निघाला! दहा वर्षं नखं मोडायलो होतो.

हुरडा भाऊ, हुरडा चोळायला तळहातच पाहिजे. पण मागून पेरू, खोबरं आणि गुळाचा खडा निघतो ना, तिथं हा लागतो. पात्याचं टोक जरा वर उचललेलं असल्यानं गूळ सुरेख तुटतो.

पैठणगेट

माझ्याकडं हाच नंबर आहे, पण न गंजणाऱ्या पात्याचा. बागवाल्यांचा काळ्या पात्याचा जीव मला कळतो, पण मला ते जमत नाही. एकदा कैरी चिरून तसाच ठेवला होता, सकाळी नारंगी गंज. न गंजणारं पातं स्वीडनच्या पोलादाचं असतं. धार थोडी लवकर मरते, पण काळजी नाही.

माहिती म्हणून सांगतो. सुरुवातीच्या ओपिनेलला ते फिरतं कडं नव्हतं. मुठीच्या तोंडाशी फक्त एक पट्टी होती, पातं आणि लाकूड धरून ठेवणारी. फिरतं कडं मार्सेल ओपिनेल यांनी १९५५ मध्ये बसवलं. ते फक्त उघडं पातं अडकवायचं. बंद असतानाही अडकतं हे २००० सालापासून. म्हणून जुना चाकू कुणाकडं असेल तर खिशात जरा जपून ठेवा.

रोपवाटिका_ताई

मी बाकीच्यांच्या मधे जरा आडवी येते. चाकू सुंदर आहे, पण "सगळं त्यानंच" हे वाचून कुणी नवीन शेतकरी कलमं करायला घेईल, म्हणून लिहायलेय.

मोसंबीचा डोळा भरायला, म्हणजे कळीचं कलम बांधायला, हा चाकू नको. आम्ही रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळे भरतो. त्याला एका बाजूनं सपाट पातं लागतं, म्हणजे डोळ्याची ढाल, डोळ्यासकट सालीचा तुकडा, काडीवरून सरळ निघते. ओपिनेलला दोन्ही बाजूंनी उतार आहे, पोट फुगीर आहे, त्यानं ढाल मधे खोल जाते आणि लाकूड सोबत येतं. डोळा बसत नाही. त्याच घराण्याचा वाकड्या पात्याचा छाटणीचा चाकू येतो. तो फांदीला चालेल, डोळ्याला नाही.

आणि एका झाडाची साल कापून तोच चाकू दुसऱ्या झाडाला लावू नका. मधे स्पिरिटचा बोळा फिरवा. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, असाही पसरतो.

मोसंबीची_बाग

ताई, शंभर टक्के बरोबर. डोळे भरायला मी कधीच वापरला नाही, आमच्याकडं त्याचा माणूस वेगळा आहे.

पण डिंक्यावरून आठवलं. बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं मोरचूद-चुन्याचं औषध, करताना हा चाकू मला जेवढा कामाला आला तेवढा कशालाच आला नाही. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी ही खोडाला लावायची पेस्ट सगळ्यांना माहीत आहे. पण चुना कसा निघेल याचा भरवसा नसतो. कमी पडला तर मोकळं मोरचूद सालीला जाळतं. माझे वडील त्यात विळ्याचं टोक बुडवायचे. मी चाकूचं बुडवतो. मिनिटभर धरून काढायचं. टोकावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी आहे, अजून घाला. पातं जसंच्या तसं निघालं तर मिश्रण तयार. पहिल्यांदा त्या काळ्या पात्यावर नव्या तांब्यासारखा पट्टा चढलेला बघितला तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवला. त्याच मिनिटाला धुऊन, पुसून, तेल लावून ठेवला.

पैठणगेट भाऊ, तुमच्या न गंजणाऱ्यानं हे होणार नाही. माझं मत काळ्या पात्यालाच.

पैठणगेट

बोर्डोपुढं माघार. माझ्याकडं बाग नाही, गॅलरीत एक कढीपत्ता आहे.

मोंढा_रोड

एका चाकूवर एवढं लिहिण्यासारखं काय आहे, हे मला प्रामाणिकपणे कळलं नाही. घरात विळी आहे, शेतात विळा आहे, कागदाला ब्लेड आहे. आणि बसमध्ये, कोर्टात, बाजारात खिशात चाकू सापडला तर पोलीस काय म्हणतील? हा शौक गोत्यात आणणारा आहे.

कोर्टरोड_लातूर

मोंढा भाऊंचा दुसरा प्रश्न रास्त आहे. शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांची जी यादी आहे, तिच्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामासाठी केलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. नंबर ८ चं पातं साडेतीन इंचही भरत नाही. पण कायदा एक आणि जागा एक. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, तो सामानात द्यायचा. कोर्टात, सभेत, मिरवणुकीत, परीक्षा केंद्रावर नेऊच नये. शेतात, घरात, प्रवासात डब्याच्या पिशवीत असावा. मीही तसाच ठेवतो.

माजलगावची_लेक

मोंढा दादा, लिहिण्यासारखं काय आहे ते मी सांगते.

माझ्या आजीच्या कमरेच्या चंचीत अडकित्ता असायचा. पितळी, मोराच्या आकाराचा. सुपारी कातरताना जो कर्र आवाज यायचा, त्यावरून आजी घरात कुठं बसलीय हे कळायचं. मला तो कधी हातात दिला नाही. "खाली ठेवते, तू उचल," म्हणायची. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं म्हणून. माझ्या बाळंतपणात तिनं उशाखाली विळा ठेवला होता. माझ्या भावाच्या लग्नात त्याच्या हातातल्या कट्यारीला लिंबू तिनंच टोचलं. म्हणजे बघा, जन्माला लोखंड, लग्नाला लोखंड. मग रोजच्या खिशातल्या लोखंडावर जीव जडला तर त्यात नवल काय?

आजी गेल्यावर अडकित्ता मी मागून घेतला. मी सुपारी खात नाही. तरी महिन्यातून एकदा काढते, तेल लावते.

मोंढा_रोड

ताई, उत्तर मिळालं. आमच्या घरी पण अडकित्ता आहे. उद्या शोधतो.

भात्याजवळ (केज)

बागवाल्यांनी दुसरा प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर आमच्या घरात आहे म्हणून लिहायलोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमचं घर लोहाराचं. आजोबांनी भाता ओढला, वडिलांनी घण मारला, मी लहानपणी निखारे आणि पाणी सांभाळलं. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पास, अडकित्ते सगळं केलं. लोखंड म्हणाल तर ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. त्याच्यासारखं पोलाद नाही. लाल केशरी होईपर्यंत तावायचं, ठोकून पातळ करायचं, मग पाण्यात. एवढ्यावर सोडलं तर काचेसारखं तुटतं. म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा हळू तावायचं आणि रंगाकडं डोळा ठेवायचा. पातं गव्हाळ झालं की बाहेर. गव्हाळच्या पुढं जांभळं झालं की धार मऊ राहते. आजोबांना मोतीबिंदू झाला होता, तरी गव्हाळ रंग ते चुकले नाहीत. सावलीत बसून करायचे, उन्हात रंग फसवतो.

मग घडीचा चाकू का नाही केला? मी वडिलांना हेच विचारलं होतं. ते म्हणले, "त्याचं बलुतं कोण देणार?" लोहाराला वर्षाचं धान्य मिळायचं ते कुणब्याच्या अवजारासाठी. फाळ शेवटून, म्हणजे झिजलेलं टोक ठोकून, द्यायचा, खुरपं पाजवून द्यायचं. खिशातल्या चाकूला गावात कुणी पायलीभर ज्वारी देणार नव्हतं. जे बलुत्यात बसलं तेवढंच आमच्या हातातून घडलं.

म्हणून मला त्या ओपिनेल घराण्याची गोष्ट वाचताना पोटात कालवलं. ते पण आमच्यासारखेच. आजोबा फेरीवाले, खिळे करायचे. वडील कुऱ्हाडी, कोयते करायचे. पोरगा जोसेफ, वय १८, १८९० मध्ये त्यानं हा चाकू केला. पुढं १८९७ मध्ये १ ते १२ नंबरचे बारा आकार केले. मुठी कापायचं यंत्र स्वतः जुळवलं. फरक कौशल्यात नव्हता. त्याच्या गावाबाहेर गिऱ्हाईक होतं, आमचं गिऱ्हाईक शिवेच्या आत होतं.

वडील अजून आहेत. भाता बंद आहे. मी वेल्डिंगचं दुकान चालवतो.

सिंधफणा

केजचे भाऊ, दोनदा वाचलं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

माजलगावची_लेक

केजच्या भावांनी लिहिलेलं "सावलीत बसून करायचे" हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. भाऊ, वडिलांकडून हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. उद्या नाही, आजच.

जुना_जालना

हाताच्या शिक्क्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. पात्यावर एक हात असतो, दोन बोटं आणि अंगठा वर केलेला, आणि डोक्यावर मुकुट. १९०९ मध्ये जोसेफनं ही खूण नोंदवली. त्यांच्या जवळचं गाव सेंट-जाँ-द-मॉरिएन. त्या गावाच्या चिन्हात बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा आशीर्वादाचा हात आहे, तोच हा. मुकुट सावोआच्या जुन्या संस्थानाचा. म्हणजे गावचा देव आणि प्रांताचा मान, दोन्ही एवढ्याशा पात्यावर. १९८९ मध्ये तर "ओपिनेल" हा शब्द फ्रेंच शब्दकोशात गेला. आणि कंपनी आजही त्याच घराण्याची आहे.

बारा नंबरांतले १ आणि ११ पुढं बंद झाले. १ फार बारका होता आणि ११ हा १० आणि १२ च्या मधे उगीच.

बालाघाटी

शिक्क्यावरून माझी फसवणूक सांगतो. एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात मागवला. शिक्का असा फिसकटलेला की हात आहे का कोबी, कळेना. कडं फिरवलं तर गोल गोल फिरतच राहतं, कुठं अडतच नाही. पहिल्याच सीताफळाला पातं हललं. पैसे परत मिळाले, पण महिनाभर मनातून उतरला होता चाकू. नंतर खरा हातात घेतला तेव्हा कळलं. खऱ्याचं कडं फिरवताना सुरुवातीला सैल असतं आणि शेवटी घट्ट होत जातं. तो घट्टपणा बोटाला जाणवतो. घेताना तेवढं एक बघा.

हुरडा_स्पेशल

कोबी! हासून हासून पोट दुखलं.

रोपवाटिका_ताई

कड्यावरून एक गंभीर गोष्ट. माझ्या पुतण्यानं कडं न फिरवता खोक्याची दोरी टोकानं उचकटायला घेतली. पातं मिटलं आणि तर्जनीवर बसलं, तीन टाके. चाकूचा दोष नाही, पण लेकरांच्या हातात देताना आधी कडं शिकवा, मग धार. आमच्याकडं आता नियम आहे : उघडला की "फिरवलं?" असं समोरच्यानं विचारायचं.

करडई_परभणी

सगळे फिरून आले, पण बागवाल्यांचा पहिला प्रश्न अर्धाच सुटलाय. ठोकून पातं निघतं, पण फुगणं थांबत नाही. मी दोन पावसाळे यावर घालवलेत.

मूठ बीचच्या लाकडाची असते. बाहेरून कारखान्याचं व्हार्निश असतं, पण पातं बसतं ती आतली चीर कोरडी. पाणी तिथून शिरतं. आपण चाकू धुतो, घामाच्या खिशात ठेवतो, आणि तोंडाशी लाकूड फुगून पात्याला आवळतं.

मी काय केलं ते सांगतो. हे उन्हाळ्यात करा, लाकूड पूर्ण वाळलेलं असताना. सर्क्लिप काढायच्या पक्कडीनं कडं जरा फाकवून काढलं. खिळ्याला हात लावला नाही. पॉलिश पेपरची घडी करून चिरेच्या दोन्ही भिंती अगदी हलक्या घासल्या. मग जवसाचं तेल, कापसाच्या काडीनं आत. पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून घेतलं, तीन दिवस वाळू दिलं. असं तीन वेळा. शेवटी मेणबत्तीचं मेण चिरेत चोळलं.

तेल जवसाचंच का, तर ते हवेत वाळून घट्ट होतं. करडईचंही वाळतं, जरा हळू. आमच्या परभणीला करडईचा अभिमान आहे, तरी इथं पहिला नंबर जवसाला देतो. शेंगदाण्याचं लावू नका. ते वाळतच नाही, चिकट होऊन वास मारतं. एका भावानं लावलं होतं, खिशाला मुंग्या.

आणि हे नक्की लक्षात ठेवा : जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेटते. पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पैठणगेट

चिंधीचं माहीत नव्हतं. धन्यवाद. घरात सांगून ठेवतो.

मोसंबीची_बाग

परभणीकर भाऊ, फार उपकार झाले. आत्ता पाऊस चालू आहे म्हणून थांबतो. पाऊस उघडला की लाकूड वाळवून करतो आणि इथं कळवतो.

भात्याजवळ (केज)

एक भर. वाळलं की नाही ते बघायला चाकू कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारा. ओलं लाकूड बसका आवाज देतं, वाळलेलं खणखणीत. बाभळीच्या दांड्याला आम्ही असंच बघायचो.

मोसंबीची_बाग

मंडळी, धागा वर आणतोय.

पाऊस उघडल्यावर पंधरा दिवस चाकू देवळीत कोरडा ठेवला. केजकरांनी सांगितलेली टिचकी रोज मारायचो. आवाज बदलला त्या दिवशी कडं काढलं. चिरेतून पांढरी, लोकरीसारखी भुकटी निघाली. बहुतेक माझ्या खिशाचाच धागा असावा. जवसाचं तेल तीन हात, मग मेण. मूठ मधाच्या रंगाची झालीय. नंतर परतीच्या पावसात मुद्दाम दोन दिवस खिशात ठेवून भिजलो. पातं नखानंच निघालं, ठोकायची गरज पडली नाही.

काल खंडेनवमी. विळा, खुरपं, कुऱ्हाड, फवाऱ्याची नळी असं सगळं मांडलं. बायकोनं विचारलं, "तो फ्रेंच पाहुणा ठेवायचा नाही का?" ठेवला. त्याच्या मुकुटाच्या हातावर हळदी-कुंकू आणि पाकळीभर झेंडू. फोटो खाली जोडतो, हुरडा भाऊंनी केव्हाचा मागितलाय.

हुरडा_स्पेशल

आला एकदाचा फोटो! मूठ झ्याक दिसायलीय. हुरड्याला बोलवा, गूळ मी आणतो.

भात्याजवळ (केज)

फोटो वडिलांना दाखवला. मोबाइल जवळ धरून पातं बराच वेळ बघितलं. म्हणले, "पाणी चांगलं दिलंय." मग विचारलं, ट्रकचा पाटा दुकानात शिल्लक आहे का. आहे. रविवारी भाता साफ करतो.

माजलगावची_लेक

रेकॉर्ड करायला विसरू नका.